ॲप कुणाचं, खातं कुणाच्या नावावर?

गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये एक घोषणा केली आणि ॲप बनवणाऱ्यांमध्ये खळबळ उडाली. गूगलच्या सेवा असलेल्या अँड्रॉइड फोनवर यापुढे कोणतंही ॲप इन्स्टॉल करायचं, तर ते कुणी बनवलं याची ओळख आधी पटलेली असली पाहिजे. ॲप प्ले स्टोअरवरून घेतलेलं असो की कुणी थेट पाठवलेलं, नियम दोघांनाही लागू. जाहीर झालेलं वेळापत्रक असं: सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्यानं बाकीचं जग. आपण त्या 'बाकीच्या जगात' येतो. नंतर गूगलनं थोडी सवलतही दिली. जाणकार माणसाला धोक्याच्या सूचना वाचून पुढे जाता येईल, आणि विद्यार्थ्यांसाठी व हौशी लोकांसाठी मर्यादित स्वरूपाचं वेगळं खातं असेल. पण निनावी राहून ॲप वाटण्याचे दिवस संपत आले आहेत, यात शंका नाही.

बडोद्यात याचा संबंध फक्त सॉफ्टवेअर कंपन्यांशी नाही. दांडिया बाजारातली डबे पोचवणारी खानावळ, कारेलीबागेतला दहावी-बारावीचा क्लास, नवरात्रीआधी गरबा शिकवणारे वर्ग, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारं घरगुती दुकान, अशा कितीतरी लोकांना आता स्वतःचं ॲप हवं असतं. ओळखीतला एखादा इंजिनिअरिंगचा मुलगा ते करूनही देतो. अडतं ते त्यानंतर, म्हणजे ॲप लोकांच्या फोनपर्यंत पोचवताना.

हे खातं म्हणजे नेमकं काय

आपल्या फोनमध्ये प्ले स्टोअर असतं, तिथून आपण ॲप घेतो. ॲप तिथे ठेवायचं असेल तर आणखी एक दार आहे, त्याला प्ले कन्सोल म्हणतात. त्या दारातून आत जायला जे खातं लागतं ते डेव्हलपर खातं. गूगल त्यासाठी २५ डॉलर घेतं, एकदाच. आयफोनच्या बाजूला असंच ॲपलचं खातं आहे, त्याचे ९९ डॉलर दरवर्षी भरावे लागतात.

साध्या जीमेलसारखं हे खातं नाही. यात तुमचं कागदपत्रांवरचं नाव, पत्ता, फोन आणि ओळखपत्र तपासलं जातं. ॲपचं रेटिंग, डाउनलोड, लोकांचे अभिप्राय, त्यातून येणारा पैसा आणि ॲपमुळे उद्भवणारी जबाबदारी, सगळं या खात्याला चिकटतं. म्हणून पैसे भरण्याआधी एक प्रश्न सोडवला पाहिजे, आणि बहुतेक लोक नेमका तोच सोडून देतात: खातं कुणाच्या नावावर उघडायचं?

"मुलगा ॲप करतोय, त्याच्याच खात्यावर टाकू दे"

असं करू नका. दुकानात वीज घेताना वायरमननं मीटर स्वतःच्या नावावर लावून घेतलं तर आपण चालवून घेऊ का? तो चांगला माणूस असला तरीही नाही. उद्या तो गाव सोडून गेला, त्याची दुसरीकडे थकबाकी निघाली, की वीज आपली जाणार. ॲपचंही असंच आहे. करणारा मुलगा शिक्षण संपवून पुण्याला किंवा बंगळुरूला गेला, फोन बदलला, आणि त्याच्या खात्यावर त्याचंच दुसरं एखादं ॲप नियमात अडकलं, तर खात्याबरोबर तुमचंही ॲप बंद होऊ शकतं. त्यात तुमची काहीच चूक नसते, आणि गूगलच्या लेखी तुम्ही कुणीच नसता.

योग्य मार्ग सोपा आहे. खातं मालकानं उघडायचं, स्वतःच्या धंद्यासाठी काढलेल्या वेगळ्या जीमेलवर. मग प्ले कन्सोलमधल्या वापरकर्ते आणि परवानग्या या भागातून त्या मुलाला त्याच्या ईमेलवर आमंत्रण द्यायचं. त्याला तुमच्या एका ॲपपुरत्या परवानग्या देता येतात: नवी आवृत्ती चढवणं, माहिती बदलणं, अभिप्रायांना उत्तर देणं. पैशांचे आकडे पाहण्याची परवानगी वेगळी असते, ती द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. काम संपलं की नाव काढून टाका. पासवर्ड कुणाला सांगावाच लागत नाही.

ॲप आधीच दुसऱ्याच्या खात्यावर असेल तरी वाट आहे. गूगलमध्ये एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर ॲप हलवता येतं, आणि त्याबरोबर वापरणारे लोक, रेटिंग, अभिप्राय सगळं येतं. त्यासाठी नोंदणीचे पैसे भरल्याच्या पावतीवरचा व्यवहार क्रमांक लागतो, तेव्हा २५ डॉलरची ती ईमेल जपून ठेवा. मात्र हलवाहलवीला आधीच्या खातेदाराची संमती लागते. संबंध चांगले आहेत तोवरच हे उरकून घ्या.

"खातंच कशाला? व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली की झालं"

अँड्रॉइड ॲपची इन्स्टॉल करण्याची फाइल म्हणजे एपीके. ती व्हॉट्सॲपवर पाठवता येते आणि आजवर अनेकांनी तसंच काम चालवलं. पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहा. ती फाइल उघडताना फोन धोक्याची सूचना देतो, 'अनोळखी ठिकाणाहून इन्स्टॉल करू द्यायचं का' असं विचारतो. याच वाटेनं लग्नपत्रिकेच्या, बँकेच्या, वीजबिलाच्या नावानं खोट्या एपीके येतात आणि लोकांची खाती रिकामी होतात. पोलीस आणि बँका सतत सांगतात की अशी फाइल उघडू नका. तुमच्या खानावळीनं तीच सवय गिऱ्हाइकांना लावावी, हे बरोबर नाही. शिवाय व्हॉट्सॲपवरून दिलेलं ॲप आपोआप अपडेट होत नाही. प्रत्येक दुरुस्तीला नवी फाइल सगळ्यांना पाठवावी लागते, आणि निम्मे लोक जुनीच वापरत राहतात. आता नवा नियम आला की ही वाट आणखी अरुंद होईल.

आणि हेही मोकळेपणानं सांगितलं पाहिजे: दिवसाला वीस-पंचवीस ऑर्डरी असतील तर ॲपची गरजच नाही. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग किंवा एक साधं वेबपान तेच काम करतं, आणि तेही फुकट. ॲपचा खरा खर्च पुढची कित्येक वर्षं ते सांभाळण्याचा असतो, त्यापुढे २५ डॉलर काहीच नाहीत.

वैयक्तिक की संस्थेचं?

खातं उघडताना पहिल्याच टप्प्यावर हा पर्याय येतो. वैयक्तिक खातं माणसाच्या नावावर, संस्थेचं खातं फर्म, कंपनी, ट्रस्ट यांच्या नावावर. वय दोन्हीकडे १८ पूर्ण हवं.

संस्थेच्या खात्याला डन्स नंबर लागतो. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी जगभरच्या व्यवसायांना हा नऊ अंकी क्रमांक देते. गूगल आणि ॲपल दोघंही संस्थेची ओळख त्यावरून पटवतात. क्रमांक फुकट मिळतो, पण हातात पडायला तीस दिवसांपर्यंत लागू शकतात. मध्ये कुणी एजंट त्याचे हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका, अर्ज स्वतः करता येतो. एका माणसाच्या मालकीची फर्म असली तरी तिला हा क्रमांक मिळू शकतो. याशिवाय संस्थेची वेबसाइट लागते, आणि ती तुमचीच आहे हे गूगलच्या सर्च कन्सोल या वेबसाइट-मालकांसाठीच्या साधनातून दाखवून द्यावं लागतं.

काही प्रकारच्या ॲपना गूगल संस्थेचंच खातं मागतं: कर्ज आणि इतर आर्थिक सेवा, वैद्यकीय ॲप, व्हीपीएन (इंटरनेटवरची ओळख झाकणारी ॲप), सरकारी कामाची ॲप. डॉक्टर मित्रासाठी रुग्णांच्या नोंदींचं ॲप वैयक्तिक खात्यावर टाकायचा बेत असेल तर तो इथेच सोडा.

ज्यांच्याकडे जीएसटी नोंदणी किंवा उद्यम प्रमाणपत्र आहे त्यांनी महिनाभर थांबून डन्स नंबर घ्यावा आणि संस्थेचं खातं उघडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲपखाली फर्मचं नाव दिसतं आणि बारा माणसांची चाचणी, जिच्याबद्दल पुढे येईलच, ती करावी लागत नाही. विद्यार्थी, हौशी लोक, अजून नोंदणी न केलेले घरगुती व्यवसाय यांना वैयक्तिक खातंच ठीक.

नाव आणि पत्ता: गाडी इथेच अडते

खातं उघडताना गूगल तुमच्या पेमेंट्स प्रोफाइलमधलं, म्हणजे गूगलकडच्या तुमच्या पैशांच्या व्यवहारांच्या नोंदीतलं, नाव आणि पत्ता घेतं, आणि मग ते ओळखपत्राशी ताडून पाहतं. अक्षर जुळलं नाही की अर्ज परत येतो. आणि बडोद्यातल्या मराठी घरांत नेमकी अक्षरंच जुळत नाहीत.

कपाटातली कागदपत्रं समोर मांडून बघा. गुजरातमधल्या कागदांवर पुरुषांच्या नावाला 'भाई' आणि बायकांच्या नावाला 'बेन' सहज चिकटतं. वडिलांचं नाव एका ठिकाणी 'राव' लावून असतं, दुसरीकडे नुसतं. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. इंग्रजी स्पेलिंगचा तर मेळच नसतो: पवार एका कार्डावर 'डब्ल्यू'नं, दुसऱ्यावर 'व्ही'नं, जाधवमधला 'एच' एका कागदावर आहे, दुसऱ्यावर गळून पडला आहे, कारण नोंदवणाऱ्यानं नाव गुजराती उच्चारावरून लिहिलं. बँकेत चालून जातं, शाळेत चालून जातं. इथे तपासणारं यंत्र असतं, त्याला 'सुनील' आणि 'सुनीलभाई' ही दोन माणसं वाटतात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ठरवा की कोणतं ओळखपत्र देणार. चालणाऱ्या कागदांची यादी त्या पानावर दिसते. मग पेमेंट्स प्रोफाइलमधलं नाव त्या कागदावर आहे तसंच लिहा, 'भाई' असेल तर 'भाई'सकट. याच जीमेलवर पूर्वी कधी गूगलवर फोटो-फाइल साठवायची जागा (स्टोरेज) विकत घेतली असेल, तर जुनं प्रोफाइल आधीच तयार असतं आणि त्यात घाईत टाकलेलं अर्धवट नाव असतं. ते आधी दुरुस्त करा. प्रोफाइलचा देश आणि त्याचा प्रकार, म्हणजे व्यक्ती की संस्था, नंतर बदलता येत नाही. चुकलं तर नवीन प्रोफाइल काढावं लागतं. याचसाठी वेगळं, कोरं जीमेल काढलेलं बरं.

पत्त्याचंही तसंच. जुन्या शहरात, मांडवीच्या आसपास, पत्ता म्हणजे पोळीचं (गल्लीचं) नाव, वाड्याचं नाव आणि 'अमक्या मंदिरासमोर'. एका कागदावर पोळ आहे, दुसऱ्यावर नाही. घर बदलून माणूस वाघोडिया रोडला गेला, पण आधारवर अजून रावपुराच आहे. पत्त्याचा पुरावा म्हणून जो कागद देणार त्यावरचा मजकूर ओळीनं ओळ उतरवा, पिनकोडसकट. फोटो काढताना कार्डाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत, प्लास्टिकच्या पाकिटाची चमक नको आणि झेरॉक्सचा फोटो नको. अर्ज परत आला की लगेच तोच कागद पुन्हा पुन्हा चढवू नका. कारण वाचा, दुरुस्त करा, मगच पाठवा.

संस्थेच्या खात्यात ही जुळवाजुळव तिहेरी होते: डन्सची नोंद, पेमेंट्स प्रोफाइल आणि नोंदणीचं प्रमाणपत्र. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि जीएसटीवरचं नाव वेगळं असतं हे बऱ्याच जणांच्या तेव्हा लक्षात येतं. पाटी बाजूला ठेवा, प्रमाणपत्रावरचं नाव चालवा.

आणखी दोन पायऱ्या आहेत. फोन नंबर आणि ईमेल ओटीपीनं तपासले जातात, आणि वैयक्तिक खातं असेल तर तुमच्याकडे खराखुरा अँड्रॉइड फोन आहे हे प्ले कन्सोलचं ॲप त्या फोनवर उघडून सिद्ध करावं लागतं. संगणकावरचा आभासी फोन चालत नाही.

पैसे भरताना

व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट वा डेबिट कार्ड घ्या. प्रीपेड कार्ड गूगल स्वीकारत नाही. हा परदेशी चलनातला व्यवहार आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीपासून बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा पाच हजारांवर ठेवा, पैसे गेले की पुन्हा बंद करा. विनिमय दर आणि बँकेचा अधिभार धरून साधारण सव्वादोन-अडीच हजार रुपये होतात. व्यवहार फसला तर आधी हेच बटण पाहा, नवीन कार्ड शोधत बसू नका.

"माझं नाव-पत्ता सगळ्या जगाला का दिसावा?"

ही शंका रास्त आहे, विशेषतः घरून काम करणाऱ्या बायकांची. वैयक्तिक खात्यात ॲपच्या पानावर तुमचं कागदपत्रांवरचं नाव, देश आणि ईमेल दिसतो. ॲप विकत देणार असाल किंवा ॲपमध्ये खरेदी ठेवणार असाल तर पूर्ण पत्ताही दिसतो. संस्थेच्या खात्यात पत्ता आणि फोन दिसतोच. यामागचं कारण योग्य आहे: पैसे घेणाऱ्याचा ठावठिकाणा देणाऱ्याला कळला पाहिजे.

यावर घरगुती उपाय म्हणजे मोफत ॲप, आणि डब्याचे किंवा फराळाचे पैसे यूपीआयनं. खाऊ, कपडे, प्रत्यक्ष शिकवणी अशा खऱ्या वस्तू-सेवांसाठी गूगलची पैसे घेण्याची व्यवस्था वापरावी लागत नाही आणि त्यातून गूगलला वाटाही जात नाही. क्लासनं रेकॉर्ड केलेले धडे ॲपमध्येच विकले तर मात्र तो डिजिटल माल झाला, त्याला गूगलचे बिलाचे नियम आणि वाटा लागू. ईमेल आणि फोन नंबर मात्र प्रत्येकानं वेगळाच ठेवावा. घरचा नंबर एकदा तिथे लागला की जाहिरातवाल्यांचे फोन थांबत नाहीत.

बारा माणसं, चौदा दिवस

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या प्रत्येक वैयक्तिक खात्याला गूगलची एक अट आहे. ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्ट, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी करायची. सुरुवातीला वीस माणसं लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ती संख्या बारा झाली. हे बारा जण सलग चौदा दिवस चाचणीत सामील असले पाहिजेत.

ऐकायला सोपं आहे, पण नवख्यांची खरी दमछाक इथेच होते. यादीत जो ईमेल दिला त्याच गूगल खात्यानं त्या माणसानं आमंत्रणाची लिंक उघडायची, 'सामील व्हा' दाबायचं आणि मग प्ले स्टोअरवरून ॲप घ्यायचं. काकांच्या फोनमध्ये दोन जीमेल असतात, यादीत एक आणि प्ले स्टोअरवर दुसरं. त्यांना 'ॲप सापडलं नाही' असं दिसतं आणि तुमची मोजणी अकरावर अडकते. कुणी उत्साहानं सामील होऊन चौथ्या दिवशी बाहेर पडतं. म्हणून बाराच्या हिशेबानं बारा घेऊ नका, सोळा-अठरा घ्या. नातेवाईक चालतात, पण ज्यांच्यासाठी ॲप आहे असे आठ-दहा जण त्यात असलेच पाहिजेत, कारण शेवटी गूगल प्रश्न विचारतं: लोकांनी काय वापरलं, काय सांगितलं, तुम्ही काय बदललं. मधल्या काळात त्यांच्या सूचनांवरून एखादी सुधारित आवृत्ती चढवा. 'बारा टेस्टर विकत मिळतील' अशा जाहिरातींच्या नादी लागू नका; ते ॲप उघडतही नाहीत आणि तुमच्याकडे उत्तरं लिहायला काही उरत नाही.

इंटर्नल टेस्ट नावाचा आणखी एक प्रकार आहे, तो शंभर जणांपर्यंत झटपट चालतो, पण या चौदा दिवसांत तो धरला जात नाही. पुष्कळ जण दोन आठवडे त्यातच घालवतात.

आता हिशेब करू. ओळख पटायला काही दिवस. चाचणीची आवृत्ती तपासून बाहेर यायला काही दिवस, नव्या खात्याला आठवडाही. मग चौदा दिवस. मग खुलं करण्याच्या परवानगीचा अर्ज, त्याला साधारण आठवडा. मग शेवटची तपासणी, पुन्हा आठवड्यापर्यंत. गरब्याच्या वर्गाचं ॲप घटस्थापनेला लोकांच्या हातात हवं असेल, तर खातं श्रावणातच उघडलं पाहिजे; डन्स नंबर घ्यायचा असेल तर आषाढात. गणपती बसल्यावर सुरुवात केली तर त्या वर्षीची नवरात्र हुकली समजा.

ॲप चढवताना कशावरून परत येतं

नवं ॲप एपीकेत नाही, ॲप बंडल या प्रकारात द्यावं लागतं. ऑगस्ट २०२१ पासून तसा नियम आहे. ते बनवणाऱ्याला माहीत असतं. मालकानं मात्र दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, पॅकेज नेम काय ठेवलं? ही ॲपची कायमची ओळख, एकदा प्रसिद्ध झाली की बदलत नाही. 'कॉम डॉट एक्झांपल' असं तयार नमुन्यातलं नाव तसंच राहिलं तर गूगल घेतच नाही, आणि मुलानं स्वतःचं नाव घातलं तर ते तुमच्या ॲपला जन्मभर चिकटतं. दुसरं, की-स्टोअर कुठे आहे? प्रत्येक आवृत्तीवर सही करायची ही डिजिटल किल्ली. हल्ली मूळ किल्ली गूगलकडे राहते आणि चढवण्याची किल्ली हरवली तर अर्ज करून नवी घेता येते, तरी तिची प्रत पासवर्डसकट पेन ड्राइव्हवर तुमच्याकडे हवी.

परत येण्याची कारणं बहुतेक ठरलेली असतात. ॲपमध्ये ओटीपीनं लॉगिन असतं आणि गूगलच्या तपासणाऱ्याकडे तुमच्या यादीतला भारतीय नंबर नसतो. तो पहिल्याच पडद्यावर थांबतो आणि ॲप नाकारलं जातं. यासाठी एक नमुना नंबर आणि त्याला कायम चालणारा ठरावीक ओटीपी बनवून घ्या, आणि ॲप ॲक्सेस या रकान्यात तो लिहा. दुसरं कारण माहितीचं. आम्ही कोणतीही माहिती गोळा करत नाही असं फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं, पण आत फायरबेस (ॲपसाठीची गूगलची तयार सेवा) किंवा जाहिरातींचा कोड बसवलेला असतो आणि तो फोनची ओळख घेतो. फॉर्म भरण्याआधी बनवणाऱ्याकडून आत कोणकोणते तयार भाग वापरलेत याची यादी लिहून घ्या. तिसरं, नको त्या परवानग्या: ओटीपी आपोआप वाचण्यासाठी सगळे एसएमएस वाचायची परवानगी मागितली की गूगल अडवतं. त्यासाठी वेगळी सोय आहे, तिला परवानगी लागत नाही. आणि ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते पुसून टाकण्याची सोयही हवी, ॲपमध्ये आणि वेबपानावर, दोन्हीकडे.

प्ले स्टोअरवरच्या ॲपच्या पानासाठी ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चिन्ह, १०२४ बाय ५०० पिक्सेलचं मोठं चित्र, पडद्यांचे किमान दोन फोटो आणि गोपनीयता धोरणाची लिंक लागते. नाव ३० अक्षरांत बसवायचं, छोटं वर्णन ८० अक्षरांत. देवनागरीत काना-मात्रा वेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठी नाव लवकर भरतं. 'नंबर वन', 'सर्वोत्तम' हे शब्द नावात चालत नाहीत. बडोद्याच्या गिऱ्हाइकांसाठी पान मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत टाकता येतं. तेवढे कष्ट घ्याच.

आयफोनचं काय?

बहुतेक छोट्या धंद्यांनी पहिल्या वर्षी याच्या मागे लागू नये. दरवर्षी ९९ डॉलर, शिवाय ॲप बनवायला ॲपलचा मॅक संगणक लागतो, विकत नाहीतर भाड्यानं. एकट्याच्या मालकीच्या फर्मला ॲपल वैयक्तिकच धरतं. पाटीवरचं व्यापारी नाव ते मानत नाही, त्यामुळे विक्रेता म्हणून तुमचं स्वतःचं नाव दिसतं. वर्षाची फी चुकली तर ॲप स्टोअरवरून उतरतं. बारा माणसांची अट इथे नाही, पण नुसती वेबसाइट गुंडाळून ॲप म्हणून दिली तर ते नाकारतात. गिऱ्हाइकांत आयफोनवाले खरोखर पुष्कळ असतील तेव्हाच हा खर्च काढा.

"खातं भाड्यानं द्या, महिन्याला इतके देतो"

खातं तयार झालं की असे निरोप येऊ लागतात, टेलिग्रामवर जास्त. विद्यार्थ्यांना तर ही सोपी कमाई वाटते. जो माणूस स्वतःच्या नावावर २५ डॉलर भरून खातं उघडू शकत नाही, त्याला तुमचं नाव कशासाठी हवं असतं, हा विचार करा. खोटी कर्जाची ॲप, जुगार, लोकांचे संपर्क चोरणारी ॲप अशा मार्गानं चढतात. गूगल ते खातं बंद करतं, त्याच्याशी संबंधित वाटणारी दुसरी खातीही बंद करतं, आणि त्या माणसाला पुढे नवं खातं उघडू देत नाही. ॲपच्या क्षेत्रात करिअर करायला निघालेल्या पोरासाठी ते दार कायमचं लागतं. आणि तक्रार झाली तर पोलिसांकडे नाव आणि पत्ता तुमचाच असतो.

ॲप निघाल्यावर

खात्याचा जीमेल रोज उघडला जाईल अशा फोनवर ठेवा, दोन टप्प्यांची सुरक्षा लावा, आणि रिकव्हरीचा नंबर मालकाचाच द्या. नियम बदलले, कागद पुन्हा तपासायचा झाला की सूचना तिथेच येते आणि तिला मुदत असते. दरवर्षी ऑगस्टअखेरीच्या सुमारास गूगल अँड्रॉइडची किमान आवृत्ती पुढे सरकवतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना आणि अपडेटना अँड्रॉइड १५ ची तयारी लागते. जे ॲप फार मागे राहतं ते नव्या फोनवाल्यांना स्टोअरमध्ये दिसेनासं होतं, जुन्यांकडे मात्र चालू राहतं, त्यामुळे मालकाला पत्ताच लागत नाही. म्हणून बनवणाऱ्याशी बोलतानाच वर्षातून एकदा ही दुरुस्ती करण्याचे पैसे ठरवा, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ॲपचा सगळा सोर्स कोड (ज्यातून ॲप बनतं तो मूळ मजकूर) आणि की-स्टोअर ताब्यात घ्या.